‘बहुश्रुत’ हें विशेषण : अर्थ, अधिकार व उपयोग

(१)

जुन्या पोथ्यांच्या याद्या, घराण्यांच्या कैफियती आणि विद्वानांचे चरित्रलेख चाळतांना एक विशेषण वारंवार दृष्टीस पडतें, तें ‘बहुश्रुत’ हें होय. ज्याच्या संग्रहीं शंभर पोथ्या निघाल्या तो बहुश्रुत. ज्यानें चार विषयांवर चार निबंध लिहिले तो बहुश्रुत. आणि ज्याच्याविषयीं दुसरें कांहींच ठाऊक नाहीं, परंतु ज्याच्या वंशजांनीं आपणांस अगत्यानें दप्तर दाखविलें, तोहि बहुश्रुतच. विशेषण आदराचें असल्यामुळें त्यास कोणी हरकत घेत नाहीं. परंतु संशोधकाच्या लेखणींतून उतरलेलें प्रत्येक विशेषण हें एक विधान असतें, आणि विधान म्हटलें कीं त्यास पुरावा हा आलाच. सनावळींत एक वर्ष चुकलें तर आपण दहा पत्रें लिहून तें दुरुस्त करवितों. विशेषण चुकलें तर मात्र तें पुढील यादींत, तेथून चरित्रांत आणि तेथून कोशांत बिनबोभाट उतरतें. आमच्या हातूनहि या शब्दाचा एकदां चुकीचा प्रयोग झाला आहे. तो प्रसंग पुढें यथास्थळीं सांगूं. तत्पूर्वीं या शब्दाचा मूळ अर्थ काय, जुन्या काळीं तो कोणास व कशावरून लावीत, आणि आज नित्याच्या वाक्यांत तो कोठें शोभतो व कोठें शोभत नाहीं, याचा विचार करणें अवश्य आहे.

(२)

‘बहुश्रुत’ हा बहुव्रीहि समास आहे. ज्यानें पुष्कळ ऐकलें आहे तो बहुश्रुत. ज्याच्याविषयीं पुष्कळ ऐकिवांत आहे, म्हणजे जो प्रसिद्ध आहे, त्यास ‘विश्रुत’ म्हणतात. हीं दोन विशेषणें एकमेकांच्या जागीं घालणें ही आजची अगदीं सामान्य चूक आहे. मराठींत याच्याच जोडीला ‘सर्वश्रुत’ हा शब्द आहे. त्याचा उत्तरपद तोच, पण अर्थाचें तोंड उलट दिशेस वळलेलें. जी गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे ती सर्वश्रुत, आणि ज्या माणसानें पुष्कळ गोष्टी ऐकल्या आहेत तो बहुश्रुत. गोष्ट बहुश्रुत होत नाहीं आणि माणूस सर्वश्रुत होत नाहीं.

येथें ‘श्रुत’ म्हणजे केवळ कानावर पडलेलें असेंहि नव्हे. विद्या गुरुमुखानें येत असे त्या काळीं ऐकणें हेंच शिकणें होतें. म्हणून या शब्दांत आरंभापासूनच दुसऱ्या माणसाचें अस्तित्व गृहीत धरलेलें आहे. एकट्यानें पुस्तकें जमवून कोणी बहुश्रुत होत नसे. सांगणारा कोणी असावा लागे आणि ऐकणाऱ्यास त्याच्यापाशीं जावें लागे.

या विशेषणाची आमच्या पाहण्यांतील सर्वांत नेटकी व्याख्या गौतमधर्मसूत्राच्या आठव्या अध्यायांत आहे. राजा आणि बहुश्रुत ब्राह्मण हे दोघे लोकांचा आधार होत असें सांगून सूत्रकार बहुश्रुत कोणास म्हणावें तें लगेच सांगतो. तो लोक, वेद व वेदांगें जाणणारा असावा; वाकोवाक्य म्हणजे वादविद्या, इतिहास व पुराण यांत कुशल असावा; आणि त्या ज्ञानास अनुसरून त्याचें वर्तन असावें. या यादींत तीन गोष्टी लक्ष्यांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं यादीचा आरंभ वेदापासून न होतां ‘लोक’ या शब्दापासून होतो. लोकव्यवहार न जाणणारा वेदवेत्ता येथें बहुश्रुत ठरत नाहीं. दुसरी ही कीं इतिहासास येथें नांवानिशीं जागा आहे. तिसरी ही कीं ही स्तुति नसून अधिकाराची अट आहे. कारण अशा पुरुषास राजानें वध, बंधन, दंड, हद्दपारी, निंदा व बहिष्कार या सहांपासून मुक्त ठेवावें असें पुढेंच सांगितलें आहे. ज्या शब्दानें दंड माफ होतो तो शब्द सैल ठेवून चालत नाहीं, म्हणून सूत्रकारानें तो मोजून दिला. ही सवलत एकाच वर्णापुरती होती हा तिचा दोष आज कोणीहि दाखवील. परंतु विशेषण द्यावयाचें तर त्याची मोजणी सांगावी, हा त्यामागील दंडक मात्र आपण टाकून देण्याचें कारण नाहीं.

(३)

वर्णाची ही मर्यादा बौद्ध व जैन परंपरांनीं मानली नाहीं. अंगुत्तरनिकायाच्या एककनिपातांत बुद्धानें आपल्या शिष्यांपैकीं कोण कशांत अग्र आहे याची नामावळी दिली आहे. बहुश्रुत भिक्षूंमध्यें तेथें आनंदास अग्रस्थान आहे. आनंदाची बहुश्रुतता कोणत्या कामीं आली तेंहि परंपरा सांगते. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहास जी पहिली संगीति भरली तींत उपालीनें विनय सांगितला आणि आनंदानें धर्म सांगितला. आपण हें असें ऐकलें, या आरंभानें सुत्तांची जी परंपरागत सुरुवात होते ती आनंदाच्या साक्षीची खूण मानली जाते. म्हणजे बहुश्रुत हा येथें साक्षीदार आहे. काय ऐकलें, कोठें ऐकलें व कोणासंबंधीं ऐकलें हें तो सांगूं शकतो.

त्याच नामावळींत उपासिकांमध्यें बहुश्रुत म्हणून जिचें नांव येतें ती खुज्जुत्तरा ही कौशांबीच्या सामावती राणीची दासी होती. राणीस अंतःपुराबाहेर जातां येत नसे. दासी प्रवचन ऐकून येई आणि राणीस व तिच्या परिवारांतील स्त्रियांस तें जसेंच्या तसें सांगे. ‘इतिवुत्तक’ हा लहानसा संग्रह तिच्या अशा कथनांतून उतरला अशी अट्ठकथेची परंपरा आहे. एका दासीच्या कानांनीं आणि स्मृतीनें एक ग्रंथ राहिला असें ज्या परंपरेनें मानलें, तिनें ‘बहुश्रुत’ या शब्दाचा अर्थ गौतमाहून अधिक खोल नेला असें म्हणावें लागतें.

जैन आगमांत उत्तराध्ययनसूत्राचा अकरावा अध्याय बहुश्रुताच्या गौरवासच वाहिलेला आहे. गर्व, क्रोध, प्रमाद, रोग व आळस हीं पांच कारणें शिक्षणास आड येतात असें तेथें सांगितलें आहे. तत्त्वार्थसूत्रांत तीर्थंकरत्वास कारण होणाऱ्या सोळा भावनांमध्यें अर्हत्, आचार्य व प्रवचन यांच्या बरोबरीनें बहुश्रुताची भक्ति गणली आहे. तिन्ही परंपरांत शब्द एकच, पण प्रत्येकीनें त्याला एक अट घातलेली: एकीनें लोकज्ञानाची, दुसरीनें साक्षीची, तिसरीनें विनयाची.

(४)

विस्तृत ज्ञानाच्या या शब्दाहून सखोल ज्ञानाचे शब्द निराळे. त्यांतील पुष्कळसे पाण्यावरून आले आहेत ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ‘निष्णात’ म्हणजे मूळचा नीट बुडी मारून न्हालेला, कौशल्य हा अर्थ असेल तरच यांतील सकाराचा षकार होतो असा पाणिनीचा स्वतंत्र नियम (८.३.८९) आहे. त्याच नियमांत ‘नदीष्ण’ हा शब्द साधतो. नदीचे उतार व डोह ज्याच्या पायाखालचे आहेत तो नदीष्ण. ‘पारंगत’ म्हणजे पैलतीरास पोंचलेला. ‘तीर्थ’ म्हणजे उतार. आणि ‘तर्कतीर्थ’ यासारख्या परीक्षेच्या पदव्यांत तोच शब्द विसाव्या शतकापर्यंत जिवंत राहिला. या सर्व शब्दांस एक नदी लागते. न्यायांत निष्णात, मीमांसेंत पारंगत, असेंच म्हणावें लागतें. ‘बहुश्रुत’ या शब्दास अशी एक नदी नाहीं, आणि म्हणूनच तो वापरण्यास सोपा व सिद्ध करण्यास कठीण आहे.

काशीस जाऊन राहिलेल्या दाक्षिणात्य पंडितांच्या ग्रंथांच्या पुष्पिकांत ‘पदवाक्यप्रमाणपारावारपारीण’ असें लांबलचक विशेषण आढळतें. नवख्या वाचकास तो निव्वळ शब्दांचा डोलारा वाटतो. वस्तुतः त्यांत नेमकी यादी आहे: पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. या तीन शास्त्रांचा समुद्र ओलांडलेला, एवढेंच त्याचें म्हणणें आहे. ज्योतिष व वैद्यक यांविषयीं तें एक अक्षरहि बोलत नाहीं. अतिशयोक्ति ‘समुद्र’ या शब्दांत आहे, पण विषयांची हद्द मात्र काटेकोर आहे.

वैदिकांकडील ‘दशग्रंथी’ हें विशेषण तर मोजून मापून दिलेलें. ऋग्वेद्यांच्या परंपरेंत संहिता, ब्राह्मण व आरण्यक हे तीन आणि शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद व ज्योतिष हे सात मिळून दहा ग्रंथ ज्यास मुखोद्गत तो दशग्रंथी. ‘घनपाठी’ म्हटला कीं पदांची घन नांवाची विकृति म्हणून दाखविणारा. यांत संशयास जागाच नाहीं. पुढें बसवावें आणि म्हणावयास सांगावें, कीं झाली परीक्षा.

(५)

आतां मराठी दप्तरांकडे वळूं. येथें संग्राहकांनीं दोन प्रकारचीं विशेषणें काळजीपूर्वक वेगळीं केलीं पाहिजेत. एक मायन्याचीं व दुसरीं नोंदीचीं. पत्राच्या मायन्यांत येणारें ‘वेदमूर्ति’ किंवा ‘वेदशास्त्रसंपन्न’ (बहुधा ‘वे॰ शा॰ सं॰’ असें तोडून लिहिलेलें) हें लेखनाच्या शिष्टाचाराचें अंग आहे. त्यावरून तो गृहस्थ वैदिक वा शास्त्री वर्गांतील होता एवढेंच निघतें. त्याला वेद किती येत होता हें निघत नाहीं. दक्षिणेच्या नोंदीची गोष्ट निराळी. श्रावणमासांत विद्वानांस दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं घातला. १७३१ मध्यें डभोईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर तो पेशव्यांनीं पुण्यास पुढें चालविला. सरसकट वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेखेरीज मोठी दक्षिणा मिळावयाची ती विद्येची परीक्षा होऊन. त्यामुळें येथें विशेषणाला रुपयांत किंमत होती, आणि किंमत आली म्हणजे तपासणीहि येते.

रामशास्त्री प्रभुणे यांच्याविषयींची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दक्षिणेच्या प्रसंगीं त्यांचे बंधु समोर आले असतां शास्त्रीबोवांच्या मानाखातर त्यांस वीस रुपये द्यावे असें नाना फडणिसांनीं सुचविलें. शास्त्रीबोवा म्हणाले कीं यांची विद्या इतरांइतकीच, सबब इतरांप्रमाणें दोनच द्यावे. माझे बंधु म्हणून जें द्यावयाचें तें मी घरीं देईन. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, त्या काळच्या लोकांस विशेषणाचा व्यवहार कसा असावा असें वाटत होतें तें तींत चांगलें उमटलें आहे. आदर हा घरचा, विशेषण हें सरकारचें.

१८१८ नंतर इंग्रज सरकारनें दक्षिणेची कांहीं रक्कम चालू ठेवली. तींतून १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. जो पैसा मुखोद्गत विद्येस मिळत होता तो छापील पुस्तकास मिळूं लागला. कानाच्या विद्येचा पगडा सुटून डोळ्यांच्या विद्येचा काळ आला, त्याची ही एक ठळक खूण होय. शब्द मात्र ‘बहुश्रुत’ हाच राहिला, आणि तेव्हांपासून तो पुष्कळ वाचलेल्या माणसासहि लागूं लागला.

दप्तरांत याखेरीज फारशी वळणाचा आणखी एक वर्ग आहे, तो ‘माहितगार’ व ‘वाकबगार’ यांचा. दुसरा शब्द ‘वाकीफ’ म्हणजे जाणता, यावरून आलेला आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गांवच्या माहितगार वृद्धांस विचारून निवाडा करीत. महजरावर त्यांच्या साक्षी व निशाण्या पडत. अशा माहितगारास शास्त्र येत नसेल, अक्षरहि येत नसेल, परंतु कोणत्या झाडापासून कोणत्या ओढ्यापर्यंत शीव जाते हें तो पिढीजात ऐकत आलेला असे. गौतमानें यादीच्या शिरोभागीं जो ‘लोक’ शब्द घातला त्याचा जाणता हाच. शास्त्र्यांचीं नांवें आपण मोठ्या अक्षरांत छापतों. महजराच्या तळाशीं नांगर काढून साक्ष देणाऱ्या कुणब्याचें नांव मात्र पुष्कळदां ‘वगैरे’ या शब्दांत बुडवितों.

(६)

व्यापक ज्ञानाचा डौल बिरुदांत जसा दिसतो तसा तो ग्रंथांतून तपासतांहि येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यास ‘सर्वज्ञचक्रवर्ती’ असें बिरुद होतें. राजांचीं बिरुदें सहसा सोडून द्यावयाचीं असतात. परंतु या राजाच्या नांवें ‘मानसोल्लास’ उर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ उपलब्ध आहे, आणि त्यांतील गणितासाठीं शके १०५१ (इ. स. ११२९) हें वर्ष धरलेलें आहे. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, म्हणजे शंभर अध्याय. राज्यकारभार, रत्नपरीक्षा, हत्ती-घोडे, पाकक्रिया, मासेमारी, मल्लविद्या, चित्र, संगीत असा त्याचा पसारा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तो छापून निघाला. त्यांत एके ठिकाणीं महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत हा उल्लेख ओवीच्या प्राचीनतेसाठीं नेहमीं देतात. आम्हांस तो दुसऱ्या कारणासाठीं मोलाचा वाटतो. चक्रवर्ती म्हणविणाऱ्याच्या ग्रंथांत उखळामुसळाचा आवाज पोंचला आहे. ‘सर्वज्ञ’ हें बिरुद कोणालाहि पेलणारें नव्हे. पण ‘बहुश्रुत’ हें विशेषण या ग्रंथानें पुराव्यासह कमावलें आहे.

याच्या उलट उदाहरण हेमाद्रीचें. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं श्रीकरणाधिप असलेल्या या पुरुषानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह रचला आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या ज्ञानाचा विस्तार येवढ्यावरूनच सिद्ध आहे. परंतु लोकांस तो पुरला नाहीं. मोडी त्यानें आणली, बाजरी त्यानें आणली, चुन्याशिवाय बांधलेलीं देवळें त्यानेंच उभारलीं, असें म्हणतां म्हणतां ‘हेमाडपंती’ हें एक विशेषणच तयार झालें. त्या नांवानें दाखविलीं जाणारीं कित्येक देवळें त्याच्या पूर्वींचीं आहेत. अंबरनाथच्या देवळांतील लेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. एकदां माणूस सर्व जाणणारा ठरला कीं ज्याचा कर्ता सांपडत नाहीं तें सर्व त्याच्या पदरांत पडतें. सैल विशेषणानें इतिहासाची हानि होते ती अशी.

अर्वाचीन काळीं या शब्दाच्या शेजारीं ‘कोशात्मक’ व ‘ज्ञानकोशी’ हे शब्द येऊन बसले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं लोकांकडून भांडवल उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ भाग सिद्ध केले. त्यांचा पहिला भाग १९२० च्या सुमारास निघाला, आणि प्रस्तावनेलाच पांच भाग लागले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्यें बाहेर पडला. या कामांमुळें ‘चालता-बोलता ज्ञानकोश’ हा वाक्प्रचार घरोघर झाला. त्याचा वापर जपून करावा असें आमचें मत आहे. कोश हा अनेकांच्या श्रमानें होतो, त्यास अनुक्रम असतो, आणि त्यांतील प्रत्येक लेख दुसऱ्या कोणास ताडून पाहतां येतो. माणसाच्या ज्ञानास हे गुण क्वचित् असतात. त्याच्या ठायीं विवेक असतो, जो कोशास नसतो. दोघांची थोरवी निराळी आहे.

(७)

आतां आमच्या चुकीचा प्रसंग. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका घराण्याच्या संग्रहाची यादी आम्हीं केली. बासनांत व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, पुराणें, न्याय अशा पांचसहा विषयांच्या पोथ्या होत्या. सोबतच्या रुमालांत जीं पत्रें होतीं त्यांच्या मायन्यांत मूळ पुरुषास वे॰ शा॰ सं॰ लाविलेलें होतें. आम्हीं यादीच्या प्रस्तावनेंत तो ‘बहुश्रुत शास्त्री’ होता असें निःशंकपणें लिहिलें. पुढें त्याच पोथ्या सावकाश पाहण्याचा योग आला तेव्हां लक्ष्यांत आलें कीं व्याकरणाच्या दोन पोथ्यांखेरीज एकाहि पोथीवर वाचनाची खूण नाहीं. समास कोरे, चुकलेलीं अक्षरें उघड चुकलेलीं असून त्यांवर हरताळ नाहीं, गळलेल्या ओळींसाठीं काकपद नाहीं, पानांचे कोपरे नव्यासारखे. पुष्पिका पाहतां लेखक निरनिराळे, गांव निरनिराळे. अर्थात् त्या पोथ्या दानांत, वांटणींत किंवा गहाणांत आलेल्या असाव्या. व्याकरणाच्या दोन पोथ्या मात्र टीपांनीं भरलेल्या, आणि त्यांतील हात मूळ पुरुषाच्या पत्रांतीलच होता. तो गृहस्थ चांगला वैयाकरण होता. आम्हीं त्यास बहुश्रुत म्हणून त्याची खरी विद्या झांकली आणि नसलेली त्याच्या नांवावर लाविली.

याहून वाईट गोष्ट निराळीच होती. त्या घरीं त्या वेळीं एक वृद्ध बाई होत्या. कोणतें बासन कोणत्या शाखेकडून आलें, कोणती पोथी कोणाच्या लग्नांत मिळाली, हें त्या चुलीपाशीं बसून सांगत होत्या. आम्हीं पोथ्यांचीं पानें मोजण्यांत गुंतलों होतों. त्यांचें बोलणें ऐकलें, पण टिपून घेतलें नाहीं. दुसऱ्यांदा गेलों तेव्हां त्या हयात नव्हत्या. त्या घरांत बहुश्रुत असें कोणी असेल तर त्या होत्या, आणि आमच्या यादींत त्यांचा उल्लेखहि नाहीं.

(८)

नित्याच्या वाक्यांत हा शब्द कसा वापरावा याचीं कांहीं उदाहरणें देतों.

‘त्यांचें मोडीचें ज्ञान बहुश्रुत आहे’ हें वाक्य चुकीचें. ऐकण्याची क्रिया माणूस करतो, ज्ञान करीत नाहीं. ज्ञान व्यापक, सखोल किंवा चौफेर असतें. म्हणून ‘ते मोडींत निष्णात आहेत’ असें म्हणावें. ‘हा ग्रंथ बहुश्रुत आहे’ हेंहि त्याच कारणानें त्याज्य. ग्रंथ सर्वसंग्राहक किंवा कोशात्मक असतो, त्याचा कर्ता बहुश्रुत असूं शकेल. ‘रामशास्त्र्यांची ही कथा बहुश्रुत आहे’ येथें ‘सर्वश्रुत’ पाहिजे. ‘अमुक वकील धर्मशास्त्रांत बहुश्रुत आहेत’ असें लिहिलें तर एका विषयाची सप्तमी जोडून विस्ताराचा अर्थच मारल्यासारखें होतें. तेथें ‘पारंगत’ चांगला. ‘आमचे वैद्यबोवा नाडी तर पाहतातच, पण शेती, पंचांग, गांवचे जुने तंटे यांविषयींहि त्यांस विचारावें, मोठे बहुश्रुत आहेत,’ हें वाक्य उत्तम, कारण विशेषणापूर्वीं त्याचा हिशेब दिला आहे. ‘ते फार व्यासंगी आहेत, पण बहुश्रुत नाहींत’ यांतहि विरोध नाहीं. व्यासंग म्हणजे मूळचा घट्ट जडलेला संग, आणि तो एकाच विषयाशीं असूं शकतो. ‘आजी निरक्षर होती, पण बहुश्रुत होती’ हें तर या शब्दाचें सर्वांत शुद्ध उदाहरण होय. छापील पुस्तकाच्या काळांतहि मराठी माणसाच्या तोंडीं हें वाक्य सहज येतें, आणि खुज्जुत्तरेच्या काळचा अर्थ तें आजतागायत सांभाळून आहे.

संग्राहक बंधूंस आमची विनंति इतकीच. यादींत कोणास बहुश्रुत लिहावयाचें झाल्यास त्याच ओळींत तीन गोष्टी द्याव्या: कोणकोणते विषय, कोणत्या पुराव्यावरून, आणि तो पुरावा मायन्यांतला कीं पोथीच्या समासांतला. हें देतां येत नसेल तर ‘संग्राहक’, ‘वैदिक’, ‘वैयाकरण’ असे लहान शब्द आहेत. त्यांनीं कोणाचा अपमान होत नाहीं. आणि ज्या घरचें दप्तर पाहावयाचें त्या घरच्या जुन्या माणसाचें म्हणणें पहिल्याच दिवशीं, पोथ्यांच्या पानांस हात घालण्यापूर्वीं, लिहून घ्यावें व तें सांगणाऱ्याच्या नांवानिशीं यादीस जोडावें. आमच्या त्या जुन्या यादीची दुरुस्ती आम्हीं केली आहे. मूळ पुरुषाच्या नांवापुढें आतां ‘वैयाकरण’ असें आहे, आणि त्या बाईंनीं सांगितलेल्यापैकीं जें चारदोन ओळींचें आठवलें तें शेवटीं वेगळें नमूद केलें आहे. बाकीचें गेलें.